सुधाकररावांनी काढलेला तलाव

पुण्यातली माणसं हिमालयात का जातात याची पुष्कळ कारणं तुम्ही ब्लॉगवर वाचली असतील. मनःशांती, स्वतःचा शोध, आकाशगंगा वगैरे. आम्ही गेलो ते एक वाद जिंकायला. हसू नका, मनःशांतीलाही तेवढाच खर्च येतो.

वाद सुधाकररावांचा होता. सुधाकरराव म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण ब्लॉगवर 'अहो' लिहिलं की वाचणाऱ्या प्रत्येक बाईला तो आपलाच नवरा वाटतो, म्हणून इथे नावानिशी. नोकरीभर त्यांनी सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर वर्षभर माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी सुधारली. मग कुणीतरी त्यांना इंटरनेटवरचा एक नकाशा दाखवला. या नकाशात जगातला कुणीही भर घालू शकतो. उपग्रहाचा फोटो समोर ठेवायचा आणि त्यात जे दिसेल ते माउसने गिरवायचं. रस्ता, घर, ओढा, तलाव, काहीही. परवानगी नको, सही नको, शिक्का नको. रिकाम्या माणसाच्या हातात असली गोष्ट देऊ नये, पण माझं ऐकतं कोण?

असे रिकामे लोक वारज्याला एका फ्लॅटमध्ये दर रविवारी जमतात. त्याला ते 'नकाशा कट्टा' म्हणतात. तिथे पोहे खात खात हिमालयाच्या डोंगरधारा आखल्या जातात. आमच्या धायरीच्या इमारतीची लिफ्ट बंद असली तर जे गृहस्थ दूध आणायला खाली उतरत नाहीत, त्यांनी लाहौलमधलं एक अख्खं निर्जन खोरं दत्तक घेतलं. तिथल्या हिमनद्यांच्या कडा काढल्या, ओढे काढले, आणि हिमनदी वितळून साचतात तसले पाच तलाव काढले. त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात मोठा तलाव हा त्यांचा लाडका. आमच्या लग्नाचा फोटोही एवढ्या कौतुकाने कधी कुणाला दाखवला नसेल.

आणि एके दिवशी त्या तलावाखाली बंगळुरूच्या कुणा मुलाने लिहिलं, "सर, ही शॅडो वाटते. प्लीज चेक."

"चेक?" सुधाकरराव म्हणाले. "मी नकाशे काढत होतो तेव्हा हा रांगत होता."

"बरं, पण सावली आहे की तलाव?" मी विचारलं. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे मला उत्तर लागतं.

"प्रश्न सावलीचा नाहीये," ते म्हणाले. दुसऱ्या माणसाने ती गोष्ट तिथेच सोडून दिली असती. आमच्याकडे लगेच रेल्वेचं आरक्षण झालं.

बरोबर कट्ट्यावरचा अनिकेत. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी करतो, आणि कट्ट्यावर गुडघे शाबूत असलेला तो एकटाच. "काकू, तुम्ही काऊन येता जी? थंडी हाय तिकडं," तो मला म्हणाला. म्हटलं, नवरा तोंडघशी पडणार असेल तर ते मला समोरून बघायचंय.

निघण्याआधी बुधवार पेठेत गेलो, जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारं हातातलं यंत्र घ्यायला. फोनमध्ये तेच दिसतं, पण वाद जिंकायला फोन चालत नाही म्हणे. दुकानदार पेपर वाचत होता.

"हे बरोबर दाखवतं का?" सुधाकररावांनी विचारलं.

"दाखवतं. तुम्ही चुकीच्या जागी उभे राहिलात तर चुकीची जागा बरोबर दाखवतं," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला. मला तो माणूस फार आवडला.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. पुण्याहून दिल्ली रेल्वेने, दिल्लीहून मनाली बसने. मनालीत एक दिवस काही न करता पडून राहा, उंचीची सवय होऊ द्या. तिथली गर्दी बघून पडून राहणं जिवावर येत नाही. पुढे बोगद्यातून सरकारी बस जाते. अलीकडे हिरवी झाडं, पलीकडे एकदम उघडे डोंगर, इतका फरक की बसमधले सगळे गप्प झाले. सुधाकरराव मात्र खिडकीबाहेर बोट दाखवून सांगत होते, "ही धार मी काढलीये. हा ओढाही माझाच." मागच्या सीटवरच्या बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. सप्टेंबर हा चांगला महिना, पाऊस सरतो आणि बर्फ अजून लांब असतो. बरोबर मेतकूट न्या, वरच्या हवेत तोंडाची चव जाते तेव्हा मऊ भातावर तेच कामाला येतं.

जिथे उतरलो त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या मोसमात तुम्ही सगळे तिथे मिसळ शोधत फिराल. मटारची आणि फ्लॉवरची शेतं, सपाट छपरांची मोजकी घरं, आणि त्यातलं शेवटचं घर पद्माचं. पद्मा चाळिशीची, हसरी आणि भराभर कामं उरकणारी. पाहुण्यांसाठी तिच्याकडे एकच खोली होती, ती आम्हाला मिळाली आणि अनिकेत चुलीपाशी झोपला. राहणं आणि दोन वेळचं जेवण माणशी हजारच्या आसपास. पुण्यात तेवढ्यात थाळी येते आणि वर वेटरचं तोंड बघावं लागतं.

पहिल्या संध्याकाळी राजमा-भात होता. जेवता जेवता मी सहज विचारलं की घरामागे लाकडं आणि दगड रचून ठेवलेत ते कशासाठी. पद्मा म्हणाली, दोन खोल्या बांधायच्या आहेत. मुलगी चंदीगडला नर्सिंग शिकते, एका खोलीच्या पाहुण्यांवर तिचं शिक्षण भागत नाही. सामान येऊन पडलंय, गवंडी सांगून ठेवलाय, पण परवानगी अडकलीये.

"काऊन?" अनिकेतने विचारलं आणि लगेच सुधारलं, "क्यों?"

"नक्शे में ऊपर एक बड़ा ताल आ गया है," ती म्हणाली. तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी संगणकावर तिला दाखवलं होतं. असा तलाव फुटला की खालचं सगळं वाहून जातं, तेव्हा त्याच्या वाटेत नवं बांधकाम नाही. "पहले नहीं था. इसी साल आया."

सुधाकररावांचा घास हातातच राहिला. अनिकेत भातात राजमा शोधायला लागला.

"तुम्ही पाहिलाय का तो तलाव?" मी पद्माला विचारलं.

"ऊपर कौन जाता है, आंटीजी? न घास है, न रास्ता." तिने सुधाकररावांच्या ताटात आणखी राजमा वाढला. "आप लोग जा रहे हैं तो ज़रा देख लेना. हमारा भी काम हो जाएगा."

खोलीत गेल्यावर मी म्हटलं, "सांगा तिला." सुधाकरराव स्वेटरच्या घड्या घालत बसले. म्हणाले, "तलाव असेल तर मी तिचा जीव वाचवलाय. आधी बघू दे." मुद्दा खोटा नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. तलाव असला तर यांची मान ताठ आणि तिच्या खोल्या गेल्या. नसला तर उलट. मी आयुष्यभर या माणसाच्या बाजूने नवस बोलले, त्या दिवशी पहिल्यांदा विरुद्ध बोलले.

वर जायला पद्माचा मावसभाऊ छेरिंग बरोबर आला. तंबू, शिधा, स्टोव्ह त्याच्या खेचरावर. वाटाड्या मिळाला म्हणून मी निर्धास्त होते. थोडं चढल्यावर त्याने फोन काढला आणि नकाशा बघून डावीकडे वळला. तो नकाशा कुणाचा हे मी सांगायला नको. छेरिंग त्या बाजूच्या खोऱ्यात कधी गेलाच नव्हता. "इसमें सब है, आंटीजी. ऊपर बहुत बड़ा ताल है," त्याने मला फोन दाखवत धीर दिला. म्हणजे तो सुधाकररावांच्या भरवशावर चालला होता आणि सुधाकरराव त्याच्या.

खोटं कशाला बोलू, बाकीचा नकाशा बरोबर होता. ओढा जिथे वळायला हवा तिथे वळत होता. नकाशात एकमेकींना चिकटलेल्या उंचीच्या रेषा आल्या की खरोखरच छातीवर येणारा चढ लागत होता. कागदावर तो मला कधी एवढा उभा वाटला नव्हता. दुपारी पहिला तलाव आला. ताकाला हिरवा रंग दिल्यासारखं पाणी, पलीकडे मातीने मळलेला बर्फ, आणि मधूनच एखादा दगड गडगडत पाण्यात पडल्याचा आवाज. मी खाली बसले. मला रडू आलं, का ते विचारू नका. सुधाकरराव काठाकाठाने यंत्र धरून फिरत होते आणि म्हणत होते, "बघ, जुळतंय. बघ, जुळतंय." धायरीच्या खोलीत बसून त्यांनी हे सगळं नीट काढलं होतं, आणि मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला. हे मी इथे एकदाच लिहितेय.

तंबूतली थंडी, श्वास न पुरणं, डोकं ठणकणं हे सगळं इतर ब्लॉगवर सविस्तर आहे, तिथे वाचा. डोकं दुखलं तर औषधाच्या भरवशावर वर जाऊ नका, खाली उतरा, एवढंच माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दगडांच्या शेवटच्या उंचवट्यावर चढलो आणि समोर तो दिसला. उभ्या कड्याच्या पायथ्याशी काळानिळा, लांबट, एका टोकाला निमुळता. सुधाकररावांनी फोनवर आकार ताडून पाहिला. तंतोतंत. पद्माची लाकडं डोळ्यांसमोर आली. "आता बंगळुरूवाला काय तोंड दाखवतो बघू," सुधाकरराव म्हणाले आणि मला वाटतं पंचवीस वर्षांनी पहिल्यांदाच पळाले.

छेरिंगने खेचर थांबवलं. अनिकेत माझ्याशेजारी उभा होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "काकू, तलाव सरकून राहिला."

खरंच सरकत होता. ऊन कड्याच्या डोक्यावरून जसं खाली उतरत होतं, तसा तलावाचा आमच्याकडचा काठ मागे मागे जात होता. सुधाकरराव जितके पुढे, तितका तलाव मागे. मी आयुष्यात इतकं हसू कधी दाबलेलं नाही. शेवटी ते कड्यापाशी पोचले तेव्हा हातभर रुंदीची काळी पट्टी उरली होती, मग तीही गेली. खाली नुसते धोंडे आणि भेगांमध्ये थोडा जुना बर्फ. त्यांनी यंत्र पाहिलं. जागा बरोबर होती.

आम्ही पोचलो तेव्हा ते एका धोंड्यावर बसले होते. म्हणाले, "आटलाय."

"काका, आटला तर गाळ कुठं हाय?" अनिकेत म्हणाला.

"सप्टेंबरात आटत असेल. अभ्यास करावा लागेल."

मी वाकून धोंड्यांकडे पाहिलं. करडे आणि शेंदरी पापुद्रे, जागोजागी. दरवर्षी गोडा मसाला करणाऱ्या बाईला ते ओळखायला चष्मा लागत नाही. "अहो," मी म्हटलं, "हे दगडफुलाच्या जातीचं आहे. धोंडे पाण्यात बुडलेले असते तर हे उगवलं नसतं. आणि एवढं वाढायला किती वर्षं लागली असतील बघा." नखाने एक पापुद्रा खरवडून त्यांनी वास घेतला आणि तो खिशात टाकला. उतरताना सबंध वाट त्यांनी एकही डोंगर आपला म्हणून दाखवला नाही.

गावात पद्मा वाटच बघत होती. सुधाकररावांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "ताल नहीं है. हम नक्शे में से निकाल देता हूँ."

"आप निकाल सकते हैं?" तिचा चेहरा उजळला. मग तिने अगदी सरळपणे विचारलं, "तो डाला किसने था?"

"कोई भी डाल सकता है," सुधाकरराव म्हणाले.

तिने त्या आनंदात सिड्डू केले, म्हणजे कणकेचे वाफवलेले गोळे, आत अक्रोडाचं सारण आणि वरून तूप. सुधाकररावांनी दोन खाल्ले. मला त्या क्षणी नवऱ्याची लाज वाटली. खोलीत मी म्हटलं, उद्या निघायच्या आत सांगा. त्यावर "पुण्याला जाऊन व्यवस्थित लिहितो" असं उत्तर मिळालं. पुण्यात 'व्यवस्थित लिहितो' याचा अर्थ काय होतो ते पुणेकरांना माहीत आहे. मनालीला नेटवर्क आल्यावर त्यांनी फोनवर तलाव पुसला आणि मला दाखवला. नव्हता. मला वाटलं, चला, तिचं काम तरी झालं.

घरी येऊन कपडे धुऊन वाळतात न वाळतात तोच पद्माचा फोन आला. रविवार होता आणि अनिकेत फोटो द्यायला आमच्याकडे आला होता. ती रडत नव्हती, पण आवाज आत गेलेला होता. ऑफिसच्या साहेबांनी नकाशा पुन्हा उघडला होता. आधी तलाव होता, आता नाही. म्हणजे तो फुटला, निदान फुटायला लागला. आता तिच्या खोल्या तर सोडाच, ओढ्याकाठच्या सगळ्या घरांची चौकशी लावली होती आणि गाव तिला विचारत होतं की तुझ्याकडच्या पाहुण्यांनी वर जाऊन केलं तरी काय.

"पण फुटला असं कुणी सांगितलं?" मी फोन ठेवल्यावर म्हटलं. अनिकेतने आपल्या फोनवर शोधलं. तलाव पुसताना कारण लिहावं लागतं. सुधाकररावांनी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मराठीत अर्थ असा, 'तलाव आता अस्तित्वात नाही.'

"काका, असं काऊन लिहिलं जी? सावली होती म्हणून लिहायचं ना."

"यात खोटं काय आहे? आता नाहीच आहे तो," सुधाकरराव म्हणाले.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, आमच्या मजल्यावर विचारा. सार एवढंच की बंगळुरूच्या एका पोराला 'तुझं बरोबर' म्हणावं लागू नये म्हणून या गृहस्थांनी दोन हजार किलोमीटरवरच्या एका बाईच्या डोक्यावर आधी तलाव ठेवला आणि मग तो फोडला. कुणाचं घर अडलं तरी चालेल, पण 'चूक' हा शब्द लिहायचा नाही. अनिकेत चपला घालून कधी गेला ते कळलंही नाही.

संध्याकाळी सुधाकररावांनी स्वतःच फोन लावला. मला शेजारी बसवलं आणि स्पीकर चालू केला. "पद्माजी, वो ताल हमने डाला था. सावली थी. हमको तालाब लगा."

पद्मा म्हणाली, "अंकलजी, मैंने तो आप ही से पूछा था."

"हाँ."

"मैंने पूछा, और उसके बाद भी आप मेरा खाना खाते रहे."

"शरम आयी," सुधाकरराव म्हणाले. एवढंच. त्यांच्या हिंदीला मी त्या वेळी हसले नाही. ती म्हणाली, ठीक आहे, आता लिहून पाठवा, सही करून.

त्यांनी लिहिलं. तिकडून ऑफिसचं उत्तर आलं की आपण कोणत्या अधिकाराने तलाव नाही म्हणता? तलाव काढताना हा प्रश्न जगात कुणालाही पडला नव्हता. त्यांनी पुन्हा लिहिलं, सकाळी काळा दिसणारा आणि उन्हात नाहीसा होणारा अशा दोन्ही वेळचे फोटो जोडले, दगडफुलाच्या पापुद्र्यांचेसुद्धा. मुख्य मजकूर दोन ओळींचा होता, 'या जागी तलाव कधीच नव्हता. मी कड्याच्या सावलीला तलाव समजलो, ही माझी चूक आहे.' प्रत बंगळुरूच्या मुलाला. त्याने उलट 'थँक यू सर' लिहिलं, आणि ते यांना वादापेक्षा जास्त लागलं. मी चाळीस वर्षांच्या संसारात 'ही माझी चूक आहे' हे वाक्य एकदाही ऐकलेलं नाही, आणि ते गेलं कुणाला, तर डोंगरातल्या एका अनोळखी साहेबाला. ती मेल मी माझ्या पत्त्यावर पाठवून घेतली आहे. पुढेमागे उपयोगी पडेल.

दिवाळी होऊन गेल्यावर पद्माची परवानगी आली. तोवर तिकडे बर्फ सुरू झाला होता आणि गवंडी खाली मंडी शहरात निघून गेला होता. तिने घरामागच्या जागेचा फोटो पाठवला, सपाट पांढरी जागा, आणि खाली लिहिलं, 'अब अगले साल.' मुलीचं यंदाचं कसं भागवलं ते तिने लिहिलं नाही आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

सुधाकररावांनी तो फोटो मोठा करून बघितला, बाजूला ठेवला, पुन्हा बघितला. मी विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "त्या बाईचं एक वर्ष मी खाल्लं."

मला टोमणा सुचला नाही. खरं तर सुचला होता, पण मी दिला नाही.